कामगार अ

आभार (पहिला मसुदा)

आभाराचं पान सगळ्यात शेवटी लिहायचं असतं. सोनिका गजभियेनं ते सगळ्यात आधी लिहिलं. कंपनीच्या बसमध्ये, पारडी चौकातल्या वाहतुकीच्या खोळंब्यात, मोबाइलवर, अंगठ्यानं: 'या प्रकल्पाचं श्रेय बळीराम हटवार यांना. त्यांनी मला ऐकायला शिकवलं.' मग बस हलली, इअरफोनमधले प्राध्यापक 'मनुष्यबळाचा वापर' या मुद्द्यावर आले, आणि ती वहीत तारीख घालायला लागली.

दोन वर्षं असंच चाललं होतं. भंडारा रोडवर, मौद्याच्या अलीकडे कागदाचा कारखाना. त्यात ती देखभाल विभागात सहायक इंजिनिअर, नऊ वर्षं त्याच खुर्चीवर. वर जायला मॅनेजमेंटची पदवी लागते, असं तिला तीनदा सांगितलं गेलं होतं, आणि तिन्ही वेळा तिच्यानंतर आलेल्या कुणाच्या तरी बढतीचा पेढा तिच्या हातावर होता. तिसरा पेढा तिनं खाल्ला नाही. त्याच आठवड्यात इंजिनिअरिंग मॅनेजमेंटच्या ऑनलाइन मास्टर्सला नाव घातलं.

इंदोऱ्याहून साडेसहाची बस. जाताना रेकॉर्ड केलेलं लेक्चर, येताना चाचणी. रविवारी सकाळी वर्ग, कॅमेरा चालू ठेवून. तेवढा वेळ घरात कुकरची शिट्टी नाही, मिक्सर नाही. आई, शोभाताई, चटणी पाट्यावर वाटायची आणि दारातून हळूच म्हणायची, "तुह्या सरले सांगजो, मायनंबी तुह्यासंगं अर्धी डिग्री केली."

ऐकणं

कागदाच्या मशीनवर ओला कागद छत्तीस तापलेल्या सिलिंडरांवरून फिरत फिरत सुकतो. प्रत्येक सिलिंडर दोन बेअरिंगवर. म्हणजे बहात्तर. त्यातलं एक गेलं की सगळं मशीन थांबतं.

बळीराम हटवार हा ठेकेदाराकडचा फिटर. सव्वीस वर्षं रोज सकाळी बहात्तरच्या बहात्तर ऐकायचा. त्याच्याकडे लाकडी मुठीचा हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. टोक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायचे. मग उभं राहायचं. कुठं दहा सेकंद, कुठं पाच मिनिटं. नंतर ग्रीस भरायचं, नाहीतर बोल्ट आवळायचा, नाहीतर काहीच न करता पुढं जायचं.

ठेकेदाराचा सुपरवायझर येताजाता टोमणा मारायचा, "काय गा बळीराम, उभ्या उभ्या झोपते का?"

"हाव ना. सपनात तुह्या सासऱ्याचं मशीन दिसून राह्यलं. लय खडखड करते."

नऊ वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, त्यानं तोच पेचकस सोनिकाच्या हातात दिला होता. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणायचा, पण मशीनमागं कुणी नसलं की घरच्या पोरीला म्हणतात तसं 'वं'.

"काय आयकू येते?"

"आवाज."

"आवाज तं वरातीतबी येते. त्या आवाजात कोन रडून राह्यलं, ते आयक."

"कोणीच नाही रडत, काका."

"मंग उभी राह्य. रडन थोड्या वेळानं."

तीन महिने रोज उभी राहिल्यावर एकदा तिला ऐकू आलं. अकरा नंबर, डावीकडचं. एकसारख्या गुरगुरण्याच्या तळाशी एक बारीक, ओढून धरलेला सूर. बेअरिंग उघडलं तेव्हा आतल्या एका गोळीवर तांदळाएवढा खड्डा निघाला. बळीरामनं कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पोट्टीनं आयकलं बाप्पा!"

पुढं तिला टेबल मिळालं, कॉम्प्युटर मिळाला. ऐकायचं राहून गेलं. बळीराम होता ना.

नियम

शेवटच्या सत्रात प्रकल्प करायचा. आपल्याच कामाच्या जागी. वरिष्ठांची सही हवी. आणि ज्यांचं निरीक्षण केलं त्यांची नावं कुठंही यायला नकोत, आभारातसुद्धा नाही.

तुमचं नाव छापून येईल, असं ती बळीरामला सांगून बसली होती. पण पहिला मसुदा खोडावा लागला. बळीराम झाला कामगार अ.

साधने

एक तक्ता. चार रकाने: काम, चालणे, थांबणे, रिकामे.

एक जुना मोबाइल, दर पंधरा मिनिटांनी वाजणारा.

नोंदी करणारा आणि काम करणारा वेगवेगळे असावेत, असं पुस्तकात ठळक अक्षरात लिहिलेलं. सोनिका स्वतःच करणार होती. पण नेमका त्याच पंधरवड्यात दोन पंपांचे गिअरबॉक्स उघडून पडले, आणि ती दिवसभर तळघरात. रजा मागायची तर परीक्षेसाठी सगळी संपलेली. तेव्हा तिनं तक्ता बळीरामच्याच हातात दिला.

"हे काय वं?"

"हा वाजला की तुम्ही त्या वेळी काय करताय ते पाहायचं, आणि त्या रकान्यात टिक मारायची. तेरा दिवस फक्त."

"माह्यावर मीच चौकीदार?"

"खरं खरं लिहायचं काका. माझी पदवी आहे त्याच्यावर."

बळीराम गंभीर झाला. "थांबनं म्हंजे काय वं आता?"

"म्हणजे कुणाची तरी वाट पाहताय. सामानाची, साहेबांची."

"अन् रिकामे म्हंजे नुसता उभा."

"हो," ती म्हणाली. तळघरातून तिला हाका येत होत्या. "हो, तसंच."

नोंदी

मंगळवार
९.०० काम. ५.
९.१५ रिकामे. ९.
९.३० रिकामे. १४.
९.४५ काम. १४.
१०.०० चालणे.
१०.१५ रिकामे. २७.
१०.३० रिकामे. २७.

बुधवार
१०.१५ रिकामे. २७.
१०.३० रिकामे. २७.
१०.४५ काम. २७.

असे तेरा दिवस. बत्तीस नोंदी रोज, एकूण चारशे सोळा. एकही गाळलेली नाही. पोरीची पदवी होती त्याच्यावर.

टिकच्या खुणेपुढचे आकडे कुणी मागितले नव्हते. रविवारी दुपारी तक्ते कॉम्प्युटरवर चढवताना सोनिकाला वाटलं, त्यानं काहीतरी मोजलं असेल. दुसऱ्या पानावर तिचा हात थांबला. ते सिलिंडरांचे नंबर होते. तो कुठं उभा होता, ते त्यानं लिहिलं होतं. आणि रिकामा माणूस कुठं रिकामा होता ते कशाला लिहील?

तिला कळलं. कळलं नाही असं ती पुढं स्वतःलासुद्धा कधी म्हणू शकली नाही. सव्वीस वर्षं उभं राहण्याबद्दल टोमणे खाल्लेला माणूस ऐकण्याला काम म्हणणार नव्हता. काम म्हणजे पाना, ग्रीस, घाम. बाकी सगळं त्यानं प्रामाणिकपणे रिकाम्यात टाकलं होतं, आणि प्रामाणिकपणे लिहा असं तिनंच सांगितलं होतं.

सव्वातीन वाजले होते. पाचला पोर्टल बंद. पुन्हा तेरा दिवस नोंदी करायच्या तर पुढचं सत्र, म्हणजे आणखी सहा महिने बस, इअरफोन, पाट्यावरची चटणी. रिकामे: एकशे एकाहत्तर. एक्केचाळीस टक्के. आलेख काढला तर तोच खांब सगळ्यात उंच, आणि प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना असेच खांब आवडायचे.

वर्गाचं काम आहे, तिनं मनाशी म्हटलं. कोण वाचतं.

चार चाळीसला तिनं बटण दाबलं. दारात आई उभी होती. "झालं का वं? लावू मिक्सर?"

"लाव."

सही

पोर्टलवर चढल्यानंतर छापील अहवाल सहीसाठी विश्वनाथ साहेबांकडे गेला. देखभाल विभागाचे प्रमुख, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले. वाईट माणूस नव्हे. सोनिकाची फी भरायच्या वेळी तिला अर्धा दिवस सूट देणारे तेच. त्यांनी आधी न वाचता सही केली, आणि मग, हे तिच्या हिशेबात नव्हतं, घरी नेऊन वाचला.

फेब्रुवारीच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर तिचा आलेख लावला. "हे बाहेरच्या सल्लागारानं नाही केलं. आपल्या गजभियेनं केलं." टाळ्या पडल्या. बेअरिंगांची रोजची फेरी बंद करायची, असं ठरलं. ग्रीस ठरल्या तारखेला इतर फिटर भरतील. महिन्यातून एकदा बाहेरचा माणूस यंत्र लावून कंपन मोजेल. कामगार अ म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. पेचकस घेऊन फिरणारा माणूस कारखान्यात एकच होता.

ती उठून बोलणार होती. उठलीही. सगळ्यांना वाटलं आभार मानायला उठली, म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बळीराम तिच्या टेबलापाशी आला. आजूबाजूला माणसं होती.

"मॅडम, उद्यापासून मी नाई."

"काका, मी साहेबांशी बोलते. मी बोलणार आहे."

"कायले बोलता. एकसठ झाले मले." तो जरा वाकला, आवाज खाली आणला. "तुह्या पेपरचं झालं का वं?"

"तोंडी परीक्षा राहिली."

"मंग चांगली देजो," तो म्हणाला. आणि जाता जाता, "सत्तावीसच्या उजव्यावर ध्यान ठेवजो. ते रडत नाई अजून. पन तोंड वाकडं करून राह्यलं."

तोंडी परीक्षा

एप्रिलचा रविवार. दोन परीक्षक, स्क्रीनवर दोन चौकोन. प्रत्येकाला बारा मिनिटं.

तिनं ठरवलं होतं. सांगायचं. रद्द झालं तर होऊ दे, सहा महिने जाऊ दे. विद्यापीठानंच आकडा चुकीचा म्हटलं तर साहेबांना फेरी पुन्हा सुरू करावी लागेल. रात्रभर तिनं ती वाक्यं पाठ केली होती.

"शिफारशी अमलात आल्या?" पहिल्या चौकोनानं विचारलं.

"आल्या सर. पण—"

"वा! वर्गात तुमच्या एकटीचाच प्रकल्प अमलात आलेला दिसतोय."

"सर, आकडा चुकीचा आहे."

दोन्ही चौकोन वर पाहू लागले. तिनं सांगितलं. तक्ता स्वतः भरला नाही ते, ऐकणं रिकाम्यात मोजलं गेलं ते, आणि सबमिट करण्याआधी आपल्याला ते कळलं होतं, तेही. शेवटचं वाक्य म्हणताना स्वयंपाकघरातल्या पाट्याचा आवाज बंद झाला.

मग दुसऱ्या चौकोनातल्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "तुमचा प्रांजळपणा आवडला. मर्यादा नावाचं प्रकरण आहे ना अहवालात? त्यात हा परिच्छेद घाला. सुधारित प्रत आठवड्यात अपलोड करा."

"पण मॅडम, त्या माणसाचं काम गेलं."

"ते तुमच्या कंपनीच्या अखत्यारीत आहे," पहिला चौकोन म्हणाला. "पुढचे विद्यार्थी थांबलेत. अभिनंदन."

श्रेणी ए आली.

उत्तर

सोमवारी ती विश्वनाथ साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चष्मा काढला.

"गजभिये, महिना होऊन गेला. एक तरी बेअरिंग गेलं का?"

"नाही सर."

"कंपनाचा रिपोर्ट आला?"

"आला. सगळं हिरवं आहे."

"मग वर काय सांगू मी? की तो उभा राहून काय ऐकायचा ते आम्हाला माहीत नाही, पण त्याला परत घ्या?"

तिच्यापाशी उत्तर होतं, पण त्या केबिनमध्ये ते चालणारं नव्हतं. ती बहात्तर बेअरिंगं बळीरामनं सांभाळून ठेवली होती म्हणूनच धड चालली होती. त्याच्याच कामाची शिदोरी पुरत होती अजून, आणि ती पुरत होती तोवर त्याची गरज कुणाला पटणार नव्हती.

"पदवी हातात आली की अर्ज द्या बढतीचा," साहेब म्हणाले. "या वेळी मी स्वतः लिहितो."

आलेख

मे महिन्यात पदवी कुरिअरनं आली. रविवारी सोनिका बांधलेला अहवाल पिशवीत घालून बळीरामच्या गावी गेली. मौद्याहून शेअर ऑटो, पुढं थोडं चालणं. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

अंगणात मांडवाखाली पाच-सहा कूलर ओळीनं उभे होते. बळीरामची बायको, प्रेमिलाबाई, पाणी घेऊन आली.

"दुकान टाकलं का काकांनी?"

"कायचं दुकान वं बाई! गावचे कूलर आयकून राह्यले. लोक आनतात, हे त्याच्या मोटरले कान लावून बसतात. सुधरवाले दहा मिन्टं लागते, आयकाले अर्धा दिवस. परवा तं नुसतंच आयकलं अन् म्हनले, घेऊन जा, चांगला आहे."

"चांगलाच होता तो," आतून आवाज आला. बळीराम बाहेर आला. मार्चपासून त्याचं वजन उतरलं नव्हतं, रुबाब उतरला होता. सोनिकानं पदवीचा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं धोतराला हात पुसले आणि मगच धरला.

"हे तुहं नाव?"

"हो."

"अन् माह्यं? छापून येईन म्हनली होती तू."

तिनं अहवाल काढला. नावं लिहायची नसतात, कुणाचीच, हा नियम सांगितला. इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "इथं. हे तुम्ही. कामगार अ."

"अ?" त्यानं बायकोकडं पाहिलं. "अ म्हंजे पयला. ब नाई, क नाई."

"हाव, मोठे आले पयले," प्रेमिलाबाई म्हणाली, पण तिनंही वाकून पाहिलं.

सोनिकाला पान उलटायचं नव्हतं. त्यानंच उलटलं. आलेख आला. चार खांब, रंगीत. बळीरामनं पानावरून तळहात फिरवला, आणि बोट सगळ्यात उंच खांबावर थांबलं.

"हे येवढं उंच काय आहे वं?"

खांबाखाली इंग्रजीत एकच शब्द होता. तो तिला वाचून दाखवता आला असता. इतक्या लांब ती तेच सांगायला आली होती: की चूक तुमची नव्हती, मला माहीत होतं, मी पाठवून दिलं. वाटेत तिनं तेही पाठ केलं होतं.

"ते तुमचं ऐकणं आहे, काका," ती म्हणाली.

बळीरामनं अहवाल डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला. बाकीचे खांब बोटांनी झाकून तो एकटाच पाहिला.

"येवढं आयकलं मी?"

"हो."

"कामापेक्षाबी जास्त?"

तिनं मान हलवली.

"आयकलं का वं," तो बायकोला म्हणाला, "सव्वीस वर्सं मले वाटे, मी नुसता उभाच राहून राह्यलो." आणि बराच वेळ पान मिटेना. मांडवाखाली एका कूलरचा पंखा वाऱ्यानं आपोआप फिरत होता.

आता सांग, ती स्वतःला म्हणाली. आता. पण त्याच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते तिच्या सांगण्यानं पुसलं गेलं असतं, आणि काम काही परत मिळालं नसतं. की हेही तिनं स्वतःच्या सोयीचंच ठरवलं? तिला कळेना. त्या रविवारी दुपारीही असंच सगळं पटत गेलं होतं.

निघताना बळीरामनं विचारलं, "सत्तावीसचं उजवं कसं आहे?"

"चांगलं आहे."

"आयकलं होतं का?"

"हो," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी, पेचकस पहिल्यांदा तिच्या कानाला लावून, तो असाच पाहत उभा राहिला होता. मग तो आत गेला आणि पेचकस घेऊन आला. मुठीचं लाकूड एका बाजूनं घासून गुळगुळीत झालेलं, कानामागच्या हाडाच्या आकाराचं.

"कूलरले येवढा लांब लागत नाई," तो म्हणाला.

मर्यादा

'प्रस्तुत अभ्यासातील नोंदी कामगाराने स्वतः केलेल्या असून काही क्रियांच्या वर्गीकरणात त्रुटी राहिली असण्याची शक्यता आहे.' सुधारित प्रत, पान ६१, इंग्रजीत एवढंच वाक्य. एप्रिलमध्ये सात दिवस ती हे लिहीत होती. वेळ सकाळी बसमध्येच मिळायचा, आणि आता इअरफोनमध्ये काही वाजत नसायचं.

बळीरामच्या गावाहून आल्यावर, सोमवारी सकाळी, ती त्याचा पेचकस घेऊन मशीनवर गेली. सत्तावीस नंबर, उजवीकडचं. टोक टेकवलं, मूठ कानामागं धरली. मूठ तिच्या हाडाला बसेना. थोडी फिरवली, तरी बसेना. तिनं डोळे मिटले.

मागून एक फिटर ग्रीसचा डबा घेऊन गेला. सुपरवायझर आला, थांबला, तिला पाहून काही न बोलता पुढं गेला. मॅडम होत्या, टोमणा मारता येत नव्हता. सव्वादहा वाजले, साडेदहा. तापलेल्या सिलिंडरांची धग गालाला लागत होती, आणि वरून कागद सळसळत चालला होता, अखंड, पांढरा, कुठंही न तुटता.

रडत असेल तर कुठंतरी खाली असेल. ती तशीच उभी राहिली.

आवाज होता. नुसता आवाज.